मोबाईलबंदीच्या ठरावाआधी ग्रामसभेला खुले पत्र

प्रति,
सरपंचताई, उपसरपंच भाऊ, ग्रामपंचायतीचे सर्व सदस्य आणि दर ग्रामसभेत मागच्या भिंतीला टेकून बसणारे समस्त काका, आबा, मावश्या,

सादर नमस्कार.

येत्या १५ ऑगस्टला झेंडावंदन आटोपलं की समाजमंदिरात ग्रामसभा आहे. नोटीस मी वाचली. सातवा विषय, '१८ वर्षांखालील मुलामुलींच्या मोबाईल वापरावर बंदी घालणेबाबत'. त्याच्या वर नाली दुरुस्ती, त्याच्या खाली आयत्या वेळचे विषय. आपल्या गावाचा अनुभव असा की नालीवर दोन तास जातात, तोवर पोटात कावळे ओरडायला लागतात आणि उरलेले विषय 'मंजूर, मंजूर' म्हणत पाच मिनिटांत निघतात. तसं होऊ नये म्हणून आधीच लिहिते. तसंही ग्रामसभा मतदारांची. ज्यांच्यावर बंदी घालायची आहे त्यांच्यापैकी एकालाही तिथे हात वर करता येत नाही.

मी कोण हे दोन ओळींत तुम्हाला कळेलच, म्हणून नाव लिहीत नाही. बारावीला आहे, दारव्ह्याला एसटीने जाते-येते. गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी फोनवर रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकते, अधूनमधून ब्लॉग लिहिते, आणि गावाचं एक छोटंसं वेबसाईटचं पान चालवते. पानठेल्यावर मला 'पॉडकास्टवाली' म्हणतात. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे म्हणणाऱ्यावर अवलंबून. मार्चमध्ये मला १८ पूर्ण होतील. म्हणजे ठराव पास झाला तरी मला तो सातच महिने लागू. हे भांडण माझं एकटीचं नाही, पण थोडं माझंही आहे, ते लपवत नाही.

आधी माझी चूक सांगते, कारण ती झाली नसती तर सातवा विषय बहुतेक आलाच नसता.

एप्रिलमध्ये आमच्या आळीतल्या एका काकूंच्या अंगणात कुरडया होत्या. चुलीवर गव्हाचा चीक शिजत होता, चार-पाच बाया जमल्या होत्या आणि काकू रंगात आल्या होत्या. मी उलट्या डब्यावर फोन ठेवून दिला. जुन्या दिवसांचं बोलता बोलता त्यांचं वावर एका सावकाराकडे कसं गहाण पडलं होतं आणि कसं सोडवलं, तेही त्या बोलून गेल्या. घरी येऊन मी पंख्याची घरघर काढली, कुत्र्याचं भुंकणं काढलं, सोऱ्याची कुरकुर मात्र मुद्दाम ठेवली. गहाणाचं तेवढं काढलं नाही. खरं सांगते, मला तोच भाग सगळ्यात चांगला वाटला होता. रात्री टाकला. सकाळी त्यांच्या पुण्यातल्या पुतण्याने ऐकला आणि दुपारपर्यंत दोन घरांचं बोलणं बंद झालं.

मी ताबडतोब तो भाग काढला. पण पॉडकास्ट चालतो कसा, तर आवाजाची फाईल एका ठिकाणी पडून असते आणि तिच्यासोबत एक यादी असते, तिला फीड म्हणतात. ऐकणाऱ्याच्या फोनमधलं ॲप ती यादी अधूनमधून पाहून येतं आणि नवीन काही दिसलं की आपोआप उतरवून घेतं. मी फाईल पुसली, यादीतून नाव खोडलं. पण ज्यांच्या फोनमध्ये ती आधीच उतरली होती तिथपर्यंत माझा हात पोचत नाही. त्यातल्याच कोणीतरी ती व्हॉट्सॲपवर पुढे ढकलली.

मायला सोबत घेऊन मी काकूंकडे गेले. रडायचं नाही असं ठरवून गेले होते, तरी रडलेच. काकू म्हणाल्या, "बोलली तं मीच होती वं. पण टाकाच्या आंधी मले एकडाव आयकवाचं होतं."

तेव्हापासून एकही भाग सांगणाऱ्याला पूर्ण ऐकवल्याशिवाय मी टाकत नाही. ते म्हणतील ते कापते. कर्ज, आजार, कोर्टाची केस असलं काही आलं तर दोनदा विचारते, आणि सुनांबद्दलचं तर न विचारताच कापते. ती दोन्ही घरं आता बोलतात. श्रेय माझं नाही. पेरणीला एकाची बैलजोडी आणि दुसऱ्याची तिफन लागली, म्हणून बोलतात.

तर मोबाईलने गावात भांडण लावलं, असं कोणी म्हटलं तर माझी मान खाली आहे. फक्त एवढंच की ते भांडण मोबाईलने लावलं नव्हतं, मी लावलं होतं. आणि पुढच्या वेळी ते लागू नये याची रीतही त्याच फोनवर काम करता करता मला सापडली.

ठराव आणणाऱ्यांचं सगळंच चुकतं असं माझं म्हणणं नाही. माझा धाकटा भाऊ रात्री अंथरुणात 'मागून ये, मागून ये, मार' असं बरळतो. आठवीत असताना मी स्वतः पांघरुणात फोन घेऊन एकामागून एक रील पाहत पडून राहायची, सकाळी डोळे लाल, आणि विचारलं तर 'अभ्यास करत होती' हे ठरलेलं उत्तर. त्या पाहण्यातलं आज एकही आठवत नाही. एकही.

पण मोबाईल आमच्या घरात हट्टाने आला नव्हता, हेही नोंदवून ठेवा. २०२० मध्ये मी सातवीत होते, शाळा बंद झाली, आणि गुरुजींनीच घरोघरी निरोप धाडला की मोबाईल घ्या, अभ्यास ग्रुपवर येईल. बाबांनी दोन बकऱ्या विकल्या. सबंध गावात त्या वर्षी बकऱ्या विकल्या गेल्या, कोणाची तूर गेली, एका घरी तर मायच्या कानातलं गेलं. तेव्हा ज्याच्याकडे मोबाईल नाही तो बाप निष्काळजी ठरत होता. पाच वर्षांत उलटं झालं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बांशी गावच्या ग्रामसभेने १८ वर्षांखालच्या मुलांच्या मोबाईल वापरावर बंदीचा ठराव घेतला, त्याची बातमी लांबवर गेली होती. आपल्या ठरावाची भाषा वाचून मला तेच आठवलं. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावाने वेगळी वाट धरली. तिथे संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजायचा आणि दीड तास सगळ्या गावाचे टीव्ही-मोबाईल बंद. मला वडगावचं पटतं. तिथे बापालाही फोन ठेवावा लागतो. आपल्या ठरावात बाप सुटला आहे, आणि रात्री ११ वाजता गावात सगळ्यात मोठ्या आवाजात रील कोण पाहतो हे मी इथे लिहीत नाही. भिंतीला टेकणाऱ्यांना ठाऊक आहे.

आता माझ्या उद्योगाबद्दल, कारण तो बऱ्याच जणांनी पाहिलेला नाही, नुसता ऐकला आहे.

सुरुवात आजीपासून झाली. सुरतेला असलेल्या आत्याला आजीच्या जात्यावरच्या ओव्या ऐकायच्या होत्या, म्हणून नववीत मी पहिल्यांदा रेकॉर्ड केलं. आवाज इतका घुमला की आजी विहिरीत बसून गाते असं वाटलं. स्वयंपाकघरात केलं, तिथे भांडी. अंगणात केलं, तिथे कोंबड्या. शेवटी समोरच्या खोलीत कापूस भरला होता तिथे आजीला नेऊन बसवलं.

तुम्हाला आठवत असेल, २०२२ मध्ये कापूस क्विंटलला १० हजारांच्या वर गेला होता. पुढच्या हंगामात त्याच आशेवर सगळ्यांनी कापूस घरात भरून ठेवला आणि भाव काही चढला नाही. आमच्या खोलीत ढीग आढ्याला टेकला होता. त्या ढिगात कुशीएवढी जागा करून आजी बसली, मी तिच्यासमोर. पहिली ओवी झाली आणि मी फोनवर ऐकून पाहिली तर अंगावर काटा आला. घुमणं नाही, बाहेरचा ट्रॅक्टर नाही, फक्त आजीचा आवाज आणि दोन ओव्यांच्या मध्ये तिने घेतलेला श्वास. मऊ तंतूत आवाज जिरतो, भिंतीवर आपटून परत येत नाही, एवढंच त्यातलं गणित. शहरातले लोक त्यासाठी भिंतीला फोम चिकटवतात. आमच्याकडे तीस क्विंटल कापूस होता. खाज मात्र दोघींना अशी सुटली की आजीने त्या दिवशी दोनदा आंघोळ केली.

तो कापूस जूनमध्ये गेला, बियाण्याला पैसे पाहिजेत म्हणून, मिळेल त्या भावात. गाडी भरून गेली तेव्हा बाबा ओट्यावर गप्प बसले होते. मी रिकाम्या खोलीत जाऊन एक टाळी वाजवली. चारही भिंतींवरून ती परत आली. आता कापूस नसेल तेव्हा मी डोक्यावरून वाकळ घेऊन रेकॉर्ड करते. उन्हाळ्यात ते काम कसं असतं ते विचारू नका.

आतापर्यंत ३१ भाग झाले. 'पोरगी दिवसभर नेट संपवते' असं मायजवळ जाऊन सांगणाऱ्या मावशींसाठी हिशेब देते. १५ मिनिटांचा एक भाग मी ६४ केबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिटवर ठेवते, बोलण्याला तेवढं पुरतं. त्याची फाईल होते ७ एमबीची. तेवढ्यात तुमच्या नातवाचे दोन-चार रील होतील.

३१ पैकी सगळ्यात जास्त ऐकला गेला तो शकुंतलेचा. खालच्या आळीतले आबा तरुणपणी त्या गाडीवर कापसाच्या गाठी चढवायचे. शकुंतला म्हणजे आपल्या यवतमाळहून मूर्तिजापूरला जायची ती छोटी गाडी, रूळ अवघे ७६२ मिलिमीटर रुंद, इंग्रज कंपनीने घातलेले, कापूस मुंबईला आणि तिथून विलायतेला न्यायला. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं. ते १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावलं, मग डिझेल लागलं. या तारखा मी शोधल्या. आबांना तारखा ठाऊक नव्हत्या. आबांना हे ठाऊक होतं की गार्डच तिकीट फाडायचा, फाटक आलं की गाडी थांबवून गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे गेली की उघडायचा आणि मग पळत येऊन चढायचा. बोलता बोलता ते थांबले आणि तोंडाने शिटी वाजवली. आधी लांब, मग आखूड, मग दम लागल्यासारखी. पूर्ण ४० सेकंद. मी तिथे काहीही कापलं नाही. आबांना ऐकवलं तेव्हा म्हणाले, "थे इंजिन असंच दमे. मी नाई दमलो."

हे ऐकून नागपूरहून, मुंबईहून लोकांचे निरोप आले, पण एका ओळखीच्या सरांचं म्हणणं पडलं की विषय चांगला आहे, भाषा सुधार, प्रमाण मराठीत बोलायला लाव. आबांना प्रमाण मराठीत बोलायला लावायचं म्हणजे आबांना पँट घालून पोळ्याला उभं करायचं. गाडगेबाबा आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. त्यांनी आयुष्यभर वऱ्हाडी बोलीत कीर्तन केलं, समोरच्यांना साधे साधे प्रश्न विचारत, आणि मुंबईपर्यंत लोकांना ते समजलं. मी प्रश्न विचारायचं तिथूनच शिकले. छोटा प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. गप्प बसणं फार कठीण असतं, विशेषतः आमच्या घराण्यात.

वेबसाईटचं वेगळं आहे. ती कोणाच्या आठवणींसाठी नाही, ती गाडी आणि लाईनीसाठी आहे.

दहावीच्या सुट्टीत तालुक्याला एमएस-सीआयटीचा वर्ग लावला होता. तिथे कॉम्प्युटरवर कोणत्याही पानावर उजवं बटण दाबून 'व्ह्यू पेज सोर्स' केलं की पान आतून कसं लिहिलं आहे ते दिसतं, हे मला अपघाताने कळलं. म्हणजे झाकण उघडून भाजीत काय टाकलं ते पाहता येतं! त्या रात्री झोप आली नाही. मग घरी फोनवरच एचटीएमएल, म्हणजे वेबपान ज्या भाषेत लिहितात ती, लिहायला लागले. फोनच्या कीबोर्डवर ते त्रिकोणी कंस दोन पडदे आत लपलेले असतात, एका ओळीला पाच मिनिटं लागतात. एकदा शीर्षक इथे संपलं असं सांगणारी खूण, म्हणजे टॅग, टाकायला विसरले तर अख्खं वेळापत्रक शीर्षकाएवढ्या टोपल्या-टोपल्या अक्षरांत आलं. मी लाजून दुरुस्त करायला निघाले तर आबा म्हणाले, "राहू दे वं, आता तं चष्म्याबिगर दिसून रायलं." तेव्हापासून अक्षर मोठंच आहे.

पानावर दोनच गोष्टी आहेत. एसटीच्या येणाऱ्या-जाणाऱ्या फेऱ्या, मुक्कामी गाडीसकट, आणि या आठवड्यात आपल्या फिडरला, म्हणजे गावाच्या वीजवाहिनीला, शेतपंपाची थ्री फेज लाईन दिवसा आहे की रात्री. फोटो नाही, जाहिरात नाही. पान ९ केबीचं आहे, नेटवर्कचा एकच दांडा असला तरी उघडतं. रात्री ओलिताला जायचं की सकाळी, हे पाहायला अर्धं गाव ते उघडतं. ठरावाचा मसुदा ज्या बैठकीत लिहिला गेला त्या बैठकीला येणाऱ्या दोघांनी गाडीची वेळ याच पानावर पाहिली होती. मला कसं कळलं? त्यांनीच मला फोन करून विचारलं होतं की आज गाडी पंधरा मिनिटं उशिरा दाखवते, खरं आहे का.

हे पान चालवायला पैसे किती लागतात, असं बाबांना एकांनी विचारलं. शून्य. टिम बर्नर्स-ली नावाच्या माणसाने १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या विज्ञानसंस्थेत वेबची कल्पना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ ला सर्नने ती सगळ्या जगाला फुकट वापरायला मोकळी केली. कोणाला रॉयल्टी नको, कोणाची परवानगी नको. फुकट जागा देणाऱ्या सेवेवर माझी फाईल पडून आहे. खातं बाबांच्या संमतीने उघडलं आहे. आणि संमतीचं निघालंच आहे तर, २०२३ मध्ये झालेला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही १८ वर्षांखालच्यांना मूलच धरतो. पण तो मुलांचा फोन काढून घ्या म्हणत नाही. मुलांची माहिती वापरायची तर आधी आईबापाची संमती घ्या, असं कंपन्यांना सांगतो.

आता एक बारीक गोष्ट, जिच्यासाठी खरं तर मला ग्रामपंचायतीशी वेगळं भांडायचं आहे. आपल्या सगळ्या नोटिसा व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो म्हणून येतात. तिरपा फोटो, वर अंगठा आलेला, खालच्या दोन ओळी कापलेल्या. का, तर ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर जुना फॉन्ट आहे. तो मजकूर तसाच ग्रुपवर चिकटवला तर अक्षरांच्या जागी इंग्रजी खुणांचा चिवडा दिसतो, म्हणून प्रिंट काढायची, सही-शिक्का मारायचा आणि फोटो काढायचा. आपल्या गावात एक काका आहेत ज्यांना दिसत नाही. त्यांचा फोन पडद्यावरची अक्षरं त्यांना वाचून दाखवतो, मराठीतसुद्धा. पण फोटोतलं तो वाचत नाही. नुसतं 'फोटो' म्हणतो आणि गप्प होतो. मागच्या वर्षभरात ग्रामपंचायतीने काय काय कळवलं, तर काकांपुरतं उत्तर 'फोटो, फोटो, फोटो'.

गेले चार महिने मी प्रत्येक नोटीस युनिकोडमध्ये टाईप करून माझ्या ब्लॉगवर टाकते आणि त्यांना लिंक पाठवते. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक, त्यामुळे फोन कोणताही असो, 'क' हा 'क'च राहतो. सातव्या विषयाची नोटीसही मीच टाईप केली. १८ वर्षांखालच्यांना मोबाईल बंद, हे काकांच्या फोनने त्यांना वाचून दाखवलं ते १८ वर्षांखालच्या पोरीने मोबाईलवर टाईप केल्यामुळे. काका इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पोरींबद्दल थोडं स्पष्ट लिहिते. राग आला तर येऊ द्या.

बंदी कागदावर मुलामुलींना सारखी आहे. अंमलात ती पहिली पोरींवर येईल. पोट्टे पानठेल्यामागे, पुलाखाली, नाल्याच्या काठी फोन घेऊन बसतील आणि त्यांना कोणी हटकणार नाही. पोरीच्या हातातला फोन घरातच सापडतो. मागच्या डिसेंबरात मी आमच्या तुरीत बसून एकटीच भागाची प्रस्तावना बोलत होते, कारण घरी पाहुणे होते. धुऱ्यावरून जाणाऱ्या एकांनी ऐकलं. संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर. "पोरगी वावरात कोनासंग बोलून रायली होती?" बाबांनी काही न बोलता फोनवर तोच भाग लावला. 'नमस्कार, बंडीवरच्या गप्पांमध्ये तुमचं स्वागत आहे.' त्या गृहस्थांनी चहा संपवला आणि गेले. पण सगळ्या पोरींचे बाबा असे नाहीत. माझ्या दोन मैत्रिणींचे फोन त्याच आठवड्यात कपाटात गेले, त्यांनी तर काहीच रेकॉर्ड केलं नव्हतं. त्यातली एक माझ्यापेक्षा चांगलं लिहायची. आता ती वहीत लिहिते आणि शनिवारी बसमध्ये मला वाचून दाखवते, मी टाईप करते.

मग माझं म्हणणं काय?

सातवा विषय ज्या रूपात आहे त्या रूपात मंजूर करू नका. भोंगा लावायचा असेल तर जरूर लावा, संध्याकाळी ७ ते साडेआठ, आणि सगळ्यांसाठी. मी त्या वेळात फोन मायच्या पदराला बांधून ठेवीन, पण मग सदस्यांचेही फोन टेबलावर दिसले पाहिजेत. रात्री गेम खेळणाऱ्या पोरांबद्दल त्यांच्या घरी जाऊन बोला. त्यात माझा भाऊ पहिला आहे, या आमच्या घरी, मी चहा ठेवते.

आणि शाळेतली संगणक खोली उघडा. त्या खोलीत पाच कॉम्प्युटर आहेत, त्यांच्यावर फुलाफुलांची चादर आहे, आणि चादरीवर धूळ. मी सातवीपर्यंत त्या शाळेत होते. खोली उघडलेली मी दोनदा पाहिली, दोन्ही वेळा कोणी साहेब तपासणीला येणार होते. किल्ली कोणाकडे आहे यावर तीन माणसांनी मला तीन उत्तरं दिली. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर इंटरनेटच्या फायबरचा जो डबा लावला आहे त्याचा दिवा लागत नाही, तो का लागत नाही हेही एकदा विचारा. ते झालं तर शनिवार-रविवार दोन-दोन तास मी बसते. पाचवी ते दहावीची पोरंपोरी येऊ द्या. मी त्यांना काय शिकवणार? एक पान कसं लिहितात, आवाज कसा कापतात, आणि काकूंना आधी का ऐकवायचं असतं. मला मानधन नको. एक टेबलफॅन चालेल, पण तो रेकॉर्डिंगच्या वेळी बंद.

पोट्ट्यांना गेम खेळण्यापासून नुसतं ओढून काढता येत नाही, मी ओढून पाहिलं आहे. माझ्या भावाला मी एकदा आबांच्या शिटीचा आवाज साफ करायला बसवलं. मागे सायकलच्या घंटीचा आवाज आला होता, तो शिटीला धक्का न लावता काढायचा होता. दोन तास तो जागचा हलला नाही. जेवायला तीनदा हाक मारावी लागली. तिसऱ्या हाकेला तो जे ओरडला ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्या रात्री अंथरुणात बरळला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा गेम. एका दिवसात चमत्कार झाला असं मी सांगत नाही.

शेवटची विनंती विषयपत्रिकेबद्दल. सातवा विषय नालीच्या आधी घ्या. आणि ग्रामसभेत आमच्यापैकी कोणाला तरी पाच मिनिटं बोलू द्या, मत नको. दहावीतली एक पोरगी तयार आहे. ती माझ्यासारखी लांबण लावत नाही.

आपली नम्र,
वरच्या आळीतली पॉडकास्टवाली

ता. क. १५ ऑगस्टला सुट्टी असल्यामुळे सकाळची कॉलेजच्या वेळची फेरी येणार नाही, मुक्कामी गाडी येईल. आणि त्या आठवड्यात लाईन रात्रीची आहे. पानावर दोन्ही बदल टाकले आहेत.